मराठी नावाची पाटी लेझरवर कापायची आहे? फाइल अशी तयार करा

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, शिरोली अशा कुठल्याही एमआयडीसीच्या आसपास आता लेझर कटिंगवाला सहज सापडतो आणि यातले बरेच जण एका नगाचं कामही घेतात. फाटकावर पत्र्यातून कापलेलं घराचं नाव, दुकानाची मागून उजेड पडणारी पाटी, जिन्याच्या कठड्याची जाळी ही सगळी कामं हौशी माणसाच्या आवाक्यात आली आहेत. काम अडतं ते फाइलपाशी. मशीनवाला विचारतो, "डीएक्सएफ आहे का?" म्हणजे नुसत्या रेषांची, मशीनला वाचता येणारी फाइल, आणि आपल्या मोबाइलमध्ये असतो एक फोटो.

दुकानदार फाइल करून देतोही. पण मराठी अक्षरांची फाइल आपण स्वतःच करावी, असं माझं ठाम मत आहे. मशीनला रेषा कळते, अक्षर कळत नाही. कुठली रेषा तोडली तर अक्षर तेच राहतं आणि कुठली तोडली तर बदलतं, हे मराठी वाचणाऱ्यालाच दिसतं. कटिंगबद्दलचे बहुतेक धडे रोमन अक्षरं समोर ठेवून लिहिलेले असतात आणि त्यांत शिरोरेखेचा प्रश्नच येत नाही.

उदाहरणासाठी एकच पाटी घेऊ. घराचं नाव "समाधान", पत्रा २ मिमी जाडीचा एमएस म्हणजे साधं लोखंड, पाटीचं माप ६०० बाय २०० मिमी. एमएसचा १ मिमी जाडीचा १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. त्या हिशोबाने अक्षरं कापण्याआधी ही पाटी १.९ किलोच्या आसपास जाईल, म्हणजे चार स्क्रूंवर भिंतीला आरामात राहील.

आधी ठरवा: अक्षर लोखंडाचं की पोकळीचं?

पाटी दोन प्रकारे कापता येते. पहिल्या प्रकारात अक्षरंच पत्र्यातून कापून वेगळी काढतात आणि भिंतीवर किंवा लाकडी फळीवर बसवतात. दुसऱ्या प्रकारात पाटी अखंड राहते आणि अक्षरांच्या जागी पोकळी होते. मागून एलईडी लावायचा असेल तर बहुधा हा दुसरा प्रकार निवडतात.

पहिल्या प्रकारात देवनागरीला मोठा फायदा आहे. शिरोरेखा सगळी अक्षरं धरून ठेवते, त्यामुळे "समाधान" हा पूर्ण शब्द एकच तुकडा म्हणून निघतो. रोमन नावात सात-आठ सुटी अक्षरं एका ओळीत चिकटवत बसावं लागतं, तो त्रास इथे नाही. लक्ष ठेवायचं ते अनुस्वारावर. "आनंद" किंवा "वसुंधरा" कापलं तर टिंब वेगळं निघून मशीनच्या जाळीतून खाली पडतं. ते टिंब थोडं खाली ओढून शिरोरेखेला चिकटवावं किंवा दोन-तीन मिमी रुंदीच्या दांडीने जोडावं. रफार आणि मात्रा शिरोरेखेला टेकलेल्या असतातच, पण बारीक फाँटमध्ये त्यांचं टेकणं केसाएवढं असतं. तिथे जाडी वाढवून घ्या.

दुसरा प्रकार अवघड आहे. पुढचा बराचसा लेख त्याच्यासाठीच आहे.

फाँट आणि टंकन

जाड, एकसारख्या जाडीचा फाँट निवडा. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे फाँट युनिकोड आहेत, मोफत मिळतात आणि व्यावसायिक कामालाही चालतात. बोरूच्या वळणाचे, टोकाला निमुळते होणारे फाँट कागदावर देखणे दिसतात, पण पत्र्यात ते निमुळतं टोक नीट उतरत नाही. साधा नियम असा धरा, की पत्र्यातली कुठलीही फट आणि कुठलीही पट्टी पत्र्याच्या जाडीपेक्षा अरुंद नको. २ मिमी पत्र्याला किमान २ मिमी. मी पट्टी ३ मिमीच्या खाली नेत नाही.

टंकनासाठी इंकस्केप हे रेषांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात युनिकोड देवनागरी नीट जुळते. गावोगावचे डीटीपीवाले कोरल ड्रॉ वापरतात, तेही उत्तम. फक्त कोरलच्या जुन्या आवृत्तींत युनिकोड मराठी फुटतं, वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटतात. तिथे श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप करा, नाहीतर इंकस्केपमध्ये टाइप करून पीडीएफने कोरलमध्ये आणा.

इंकस्केप उघडल्यावर दोन सेटिंग आधीच बदलून घ्या. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिमी करा. मग प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली बाउंडिंग बॉक्स, म्हणजे वस्तूचं माप जिच्यावरून धरतात ती चौकट, "जिऑमेट्रिक" करा. हे दुसरं सेटिंग बहुतेकांना माहीत नसतं. ते नसेल तर वस्तूच्या मापात रेषेची जाडीही धरली जाते. तुम्ही ६०० लिहिता, आणि १ मिमी जाडीची रेषा असेल तर खरी आकृती ५९९ होते.

६०० बाय २०० चा आयत काढा, कोपऱ्यांना ८ ते १० मिमीची गोलाई द्या. तीक्ष्ण कोपरे फाटकावर कुणाच्या तरी हाताला लागतात. मग नाव टाइप करून शिरोरेखेपासून तळापर्यंत साधारण ८० मिमी उंची येईल इतकं मोठं करा.

अक्षरांच्या रेषा करा आणि वेल्ड करा

टाइप केलेला मजकूर तसाच पाठवला तर मशीनवाल्याकडे तो फाँट नसतो. एकतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, नाहीतर काहीच येत नाही. म्हणून इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं "ऑब्जेक्ट टू पाथ", कोरलमध्ये "कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज" म्हणजे कंट्रोल आणि क्यू. त्याआधी टाइप केलेल्या फाइलची एक प्रत बाजूला जपून ठेवा, कारण एकदा रेषा झाल्या की ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही.

यानंतरची पायरी देवनागरीत कधीच चुकवू नका. आता डिस्प्ले मोडमध्ये "आउटलाइन" निवडून नीट मोठं करून बघा. स ची शिरोरेखा म च्या शिरोरेखेत थोडी घुसलेली दिसेल, म ची कान्यात, कान्याची ध मध्ये. पडद्यावर काळा रंग भरलेला असतो तेव्हा हे कळत नाही. लेझर मात्र ती प्रत्येक आडवी-उभी रेषा इमानाने कापतो आणि शिरोरेखेच्या मधोमध उभे चिरे पडतात. अक्षरं लोखंडाची असतील तर शब्दाचे तुकडेच होतात. उपाय सोपा आहे: सगळी अक्षरं अनग्रुप करा, एकत्र निवडा आणि इंकस्केपमध्ये "युनियन", कोरलमध्ये "वेल्ड" करा. पुन्हा आउटलाइनमध्ये बघा. पूर्ण शब्दाभोवती एकच सलग रेषा आणि आतल्या पोकळ्यांच्या वेगळ्या रेषा, एवढंच उरलं पाहिजे.

बेटं, जिभा आणि पूल

आता खरा विचार करायचा आहे. पोकळ अक्षरांच्या पाटीत ज्या जागेला चारही बाजूंनी अक्षराची रेषा वेढते, ती जागा सुटून खाली पडते. याला मी बेट म्हणतो. क, प, म, य, व, स यांत एकेक बेट असतं. ब आणि ष मध्ये तिरक्या रेषेमुळे दोन-दोन. ग, त, न, र, ल ही अक्षरं एरवी मोकळी असतात. ि आणि ी यांच्या वरच्या कमानीखालीही बऱ्याच फाँटमध्ये एक बेट तयार होतं आणि तेच नेहमी नजरेतून सुटतं.

प्रत्येक बेटाला पाटीशी जोडणारी एक पट्टी ठेवावी लागते. तिला पूल म्हणा, ब्रिज म्हणा. इंकस्केपमध्ये ३ मिमी रुंदीचा आयत काढायचा, अक्षराच्या रेषेवर आडवा ठेवायचा, आयत वर आणि अक्षर खाली असताना दोन्ही निवडून "डिफरन्स" द्यायचं. तेवढा भाग पोकळीतून वजा होतो, म्हणजे तिथे लोखंड राहतं.

पूल कुठे टाकायचा, हे मात्र मशीनवाल्यावर सोडू नका. त्याला सोयीची जागा म्हणजे शिरोरेखा. वरून सरळ एक पट्टी सोडली की बेट टांगलं जातं. स, प, य, व यांना ते चालूनही जातं. पण म च्या डावीकडे शिरोरेखा तुटली की तो भ वाचला जातो. "समाधान" चं "सभाधान" होतं. घ चंही तसंच, शिरोरेखा डावीकडे तुटली की लांबून ध दिसतो आणि "घन" चं "धन" होऊन बसतं. म्हणून म चा पूल खालून द्या. त्याची गाठ आणि उभा दंड यांना जोडणारी जी आडवी रेषा असते, तिच्या मधोमध तोडून बेट खालच्या पत्र्याशी जोडा. घ चा पूल खालच्या वाटीतून. व आणि ब चे पूल वाटीच्या डाव्या-खालच्या अंगाला चांगले दिसतात.

गंमत अशी की भ, ध, थ यांची शिरोरेखा मुळातच तुटलेली असल्यामुळे त्यांचा आतला भाग बहुतेक फाँटमध्ये आपोआप वरच्या पत्र्याला जोडलेला राहतो. आपल्या "समाधान" मध्ये म्हणून दोनच बेटं आहेत, स चं आणि म चं. म च्या गाठीत कधीकधी एक बारीक छिद्र असतं, त्याची रेषा सरळ काढून टाका. ३ मिमीच्या आतलं ते बेट टिकवण्यात काही अर्थ नाही.

बेटं सांभाळली तरी काम संपत नाही. दोन अक्षरांच्या मधला पत्रा बघा. शब्दभर शिरोरेखेची लांबच लांब फट वर आहे, त्यामुळे हा मधला पत्रा फक्त खालून जोडलेला असतो आणि वर त्याचं टोक मोकळं राहतं. म आणि त्याचा काना यांच्या मधली जीभ आपल्या मापात जेमतेम १२ मिमी रुंद आणि ७० मिमी लांब भरते. ध आणि त्याच्या कान्यामध्येही तशीच. कापताना उष्णतेने अशी जीभ वर उचलते. मशीनचं डोकं पत्र्याच्या अगदी जवळून फिरत असतं, ते तिला अडकू शकतं. नाही अडकलं तरी पाटी लागल्यावर ती जीभ हाताने वाकते आणि रंगकामात पुढे-मागे होते.

यावर उपाय म्हणजे दर एक-दोन अक्षरांमागे शिरोरेखेत ३ ते ४ मिमीचा पूल, नेमका जिभेच्या टोकावर. म्हणजे अक्षराच्या वर नाही, दोन अक्षरांच्या मधल्या जागेवर. तिथे शिरोरेखा तुटली तरी वाचताना डोळा अडखळत नाही, कारण हाताने लिहितानाही आपण तिथे थांबतो. "समाधान" साठी मी असे चार पूल देतो: स नंतर, म आणि कान्याच्या मध्ये, ध आणि कान्याच्या मध्ये, न च्या आधी. म आणि कान्यामधला पूल उजव्या अंगाला येतो, त्यामुळे म चा भ होत नाही. सगळे पूल एकाच रुंदीचे ठेवा. सारख्या रुंदीचे पूल मुद्दाम केलेली रचना वाटतात, कमी-जास्त झाले तर ठिगळ दिसतं.

पूल अजिबात नको असतील तर दुसरा मार्ग आहे. पाटीच्या मागे दुधी अॅक्रिलिकची शीट लावायची आणि पडलेली बेटं तिच्यावर जागच्या जागी चिकटवायची. दिसायला हे फार सुरेख होतं. मग मशीनवाल्याला "आतले तुकडे भंगारात टाकू नका, सोबत द्या" हे लिहूनच कळवा.

भोकं

चार कोपऱ्यांत भोकं द्या, मध्य कडेपासून १५ मिमी आत. एम६ स्क्रू आरपार जायला ६.६ मिमी व्यास पुरतो. आटे पाडायचे असतील तर हिशोब वेगळा: एम५ साठी ४.२, एम६ साठी ५, एम८ साठी ६.८ मिमी. लेझरने कापलेली लोखंडाची कड कडक होते आणि तिथे टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, लवकर झिजतो, म्हणून आट्याचं भोक थोडं लहान कापून नंतर ड्रिलने मापाला आणणं चांगलं.

भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नका. पातळ पत्र्यात लेझर याहून बारीक भोकं पाडतो, पण ती गोल आणि स्वच्छ येण्याची खात्री राहत नाही. लेझरऐवजी प्लाझ्मा कटिंगच्या मशीनवर कापणार असाल तर आणखी सैल राहा. लेझरची चीर, म्हणजे कापाची रुंदी, ०.१ ते ०.३ मिमी असते, प्लाझ्माची दीड मिमी किंवा त्याहून जास्त. बारीक मराठी अक्षरं प्लाझ्मावर कापूच नयेत.

ही चीर धरून रेषा आत-बाहेर सरकवण्याचं काम मशीनचं सॉफ्टवेअर करतं. तुम्ही खऱ्या मापाची रेषा द्या. दोघांनीही भरपाई केली तर माप दोनदा बदलतं.

साफसफाई

डीएक्सएफ करण्याआधी फाइलमध्ये फक्त कापायच्या रेषा उरल्या पाहिजेत. मापांचे बाण, सूचना, चौकट, लपवलेल्या लेयरमधलं जुनं चित्र, सगळं काढा. प्रत्येक आकृती बंद हवी. ऑटोकॅडमध्ये प्रॉपर्टीजमध्ये "क्लोज्ड" पुढे "येस" दिसतं. कोरलमध्ये रंग भरून बघा, उघड्या आकृतीत रंग भरला जात नाही. इंकस्केपमध्ये ही युक्ती चालत नाही, तिथे उघड्या आकृतीतही रंग भरतो.

एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा हा महाग दोष आहे. मशीन तीच कड दोनदा कापतं, कड जळते आणि कटिंगची लांबी दुप्पट धरली जाते. ऑटोकॅडमध्ये "ओव्हरकिल" ही आज्ञा त्या काढून टाकते. "स्ट्रोक टू पाथ" वापरल्यामुळेही हा दोष येतो, कारण एका रेषेच्या दोन समांतर रेषा होतात.

फोटो ट्रेस करून काढलेल्या आकृतीत हजारो बारीक तुकडे असतात. मशीन प्रत्येक वळणाला किंचित अडतं आणि कडेवर खरखरीत पैलू दिसतात. "सिम्प्लिफाय" वापरा, पण एकदाच आणि हलक्या हाताने. गणपतीची किंवा वेलबुट्टीची आकृती असेल तर ट्रेसवर पेनने स्वतः रेषा ओढणं हाच खरा उपाय आहे. वेळ जातो, पण कड हाताला गुळगुळीत लागते.

मापाची पडताळणी

इंकस्केपमध्ये "सेव्ह अॅज" करून "डेस्कटॉप कटिंग प्लॉटर, ऑटोकॅड डीएक्सएफ आर१४" निवडा आणि बेस युनिट मिमी ठेवा. मग ती फाइल दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा, लिब्रेकॅड मोफत आहे, आणि पाटीची रुंदी मोजा.

माप चुकलं तर आकड्यावरूनच कारण कळतं. ऑटोडेस्कने १९८२ साली ऑटोकॅडबरोबर डीएक्सएफ आणलं. जुन्या पद्धतीच्या डीएक्सएफमध्ये नुसते आकडे असतात, ते मिमी की इंच हे लिहिलेलंच नसतं. ६०० च्या जागी १५,२४० किंवा २३.६ दिसलं तर इंच-मिमीचा घोळ आहे, २५.४ ने भागा किंवा गुणा. ५६२.५ किंवा ६४० दिसलं तर कारण इंकस्केपच्या आवृत्तीत आहे. ०.९२ च्या आधी इंकस्केप एका इंचात ९० बिंदू धरायचं, नंतर ९६ धरू लागलं, आणि जुनी फाइल नव्यात आणली की हा फरक पडतो.

शेवटी खऱ्या मापात कागदावर छापा. ए४ वर एक-दोन अक्षरं मावतात, तेवढीही पुरे. फ्लेक्सवाल्याकडे पूर्ण पाटी छापून फाटकावर चिकटवली तर आणखी बरं, रस्त्यावरून नाव वाचता येतं का तेही कळतं. दुकानाची पाटी असेल आणि तिच्यावर इंग्रजीही असेल, तर याच वेळी दोन्ही लिप्यांची उंची मोजा. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीपासून मराठी देवनागरी अक्षरं आधी हवीत आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत.

फाइल पाठवताना

व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. सोबत मापं लिहिलेली पीडीएफ द्या, म्हणजे मशीनवाल्याला उघडलेली आकृती बरोबर आहे का हे ताडता येतं. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि त्यातच धातू, जाडी, नग लिहा. मशीनवरच्या संगणकात देवनागरी नाव दिसेलच असं नाही.

जाडी गेजमध्ये सांगू नका, मिमीत सांगा. १६ गेज म्हणजे कुणी १.६ धरतं, स्टेनलेसला कुणी १.५. दर विचारताना कटिंगची लांबी आणि पिअर्सिंग, म्हणजे मशीन किती ठिकाणी नव्याने भोक पाडून सुरुवात करतं, हे दोन्ही धरले आहेत का ते विचारा. आपल्या पाटीत पुलांमुळे शब्दाचे तुकडे होतात, तेवढी पिअर्सिंग वाढते. दाट जाळीत मात्र हाच खर्च पत्र्यापेक्षा जास्त होऊ शकतो, तिथे नक्षी थोडी विरळ केली की दर उतरतो.

हेअरलाइन फिनिशचं, म्हणजे बारीक समांतर रेषांच्या पोताचं स्टेनलेस असेल तर रेषांची दिशा पीडीएफवर बाणाने दाखवा. नाहीतर पत्रा वाचवण्यासाठी तुमची पाटी उभी मांडली जाईल आणि भिंतीवर रेषा उभ्या दिसतील. कोकणात, मुंबईत, गोव्यात समुद्राजवळ घर असेल तर ३०४ स्टेनलेसवरही कालांतराने तपकिरी डाग येतात, तिथे ३१६ ग्रेडचं मागा.

एमएसवर पावडर कोटिंग करणार असाल तर फाइलसोबतच सांगा. लेझर कापताना सोबत वायूचा झोत सोडतात. ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर ऑक्साइडची काळी पापडी राहते. तिच्यावर बसलेला रंग आधी तिथूनच सुटतो आणि पहिल्या पावसाळ्यात गंज अक्षरांच्या कडांवरून खाली ओघळतो. नायट्रोजनने कापायला सांगा किंवा कडा घासून द्यायला सांगा. ही घासणी मशीनवाला करणार की कोटिंगवाला, हे आगाऊ ठरवा. दोघंही ते काम दुसऱ्याचं समजतात.